सातवी 'ब' मधली एक गैरहजेरी

ऑगस्ट २०११ मध्ये सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका खासगी अनुदानित शाळेत सातवी 'ब' मधली एक मुलगी यायची बंद झाली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या पद्मशाली समाजाचा तो वर्षातला मोठा दिवस. त्यानंतर ती दिसली नाही, स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनालाही आली नाही. शाळेत कुणी फारसे मनावर घेतले नाही. सणाला पाहुणे येतात, मुले त्यांच्याबरोबर तेलंगणातल्या गावी जातात, आठ-पंधरा दिवसांनी परत येतात, असे दरवर्षी होते.

तिच्या वर्गशिक्षिका मात्र त्याच आठवड्यात तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

या बाईंबद्दल आणि पुढच्या तीन महिन्यांबद्दल मी लिहितो आहे. बाई आता नाहीत. त्यांच्या मागे घरच्यांनी त्यांच्या पालकभेटीच्या वह्या माझ्याकडे दिल्या, कारण मी त्याच शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि बरीच वर्षे त्यांच्या शेजारच्या वर्गावर होतो. ती मुलगी आता मोठी झाली आहे. तिच्याशी आणि तिच्या आईशी बोलून, त्यांच्या होकारानेच हे लिहिले आहे. शाळा, गल्ली, माणसे यांची नावे दिलेली नाहीत. अंत्यविधीला जमलेल्या गर्दीत बाईंना कितीतरी जणांनी देवमाणूस म्हटले. मलाही तसेच वाटते. पण तेवढ्यावर थांबलो तर उद्या सातवीचा वर्ग हाती घेणाऱ्या तरुण शिक्षकाला काहीच मिळणार नाही. बाई काय करत, कोणत्या क्रमाने करत आणि कशाला ठाम नकार देत, हे एका प्रकरणातून दिसले तर त्याला काही मिळेल.

बाईंची दोन कामे

बाई मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, १८२४ मध्ये त्यांनी तिथे मुलींची शाळा काढली, १८३१ मध्ये नगरला ठाणे केले आणि पुढे १८६० च्या दशकात सोलापुरात पोचले. बालवाडीच्या शिक्षिका तयार करणारी मिशनची शाळाही सोलापुरात होती. नगर-सोलापूरच्या खेड्यापाड्यांत या मिशनची एक रीत होती. आठवडाभर जो मास्तर पाढे आणि बाराखडी घोकून घेई, तोच रविवारी मंडळीची, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती लोकांची, उपासना चालवी. बाईंच्या घरात ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या अंगावर होती आणि त्यात कुणाला काही वेगळे वाटत नसे. संध्याकाळी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने टाळ-मृदंगावर चालत. बाईंचा आवाज त्यातूनच तयार झालेला. शाळेतल्या परिपाठाला त्या गाऊ लागल्या की शेजारच्या वर्गातली मुलेही गप्प होत.

डी.एड. करून, लग्न होऊन त्या सोलापुरात आल्या. यजमान रेल्वेत. शाळा मिळाली ती पूर्व भागात, जिथे निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, वडील यंत्रमागावर आणि आई विडीवर. रविवारी चर्चमध्ये शब्बाथ शाळा, महिला मंडळाचे हिशेब, नाताळची नाटुकली, मे महिन्यात मुलांची बायबल शाळा हे सगळे त्यांच्याकडे असे. शिवाय चर्चच्या आवारातल्या एका खोलीत संध्याकाळी अभ्यासवर्ग चाले. त्यात सगळ्या जातिधर्मांची मुले येत आणि तिथे फक्त शाळेचा अभ्यास होई. सुरुवातीची प्रार्थनासुद्धा नसे. पाळकसाहेबांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, बोलून बाईंनी ते सुरुवातीलाच ठरवून घेतले होते.

त्यांची एक सवय मी स्वतः पाहिली आहे. त्यांच्या पर्समध्ये लहान आकाराचा नवा करार असे, निळ्या रेक्झिनच्या वेष्टणातला, कडा झिजलेला. पालकभेटीला निघताना त्या तो काढून स्टाफरूममधल्या आपल्या खणात ठेवत, खण लावत आणि मगच बाहेर पडत. कुणाला दाखवायला नव्हे. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "कुणाच्या घरी पर्स उघडून पेन काढायचं म्हटलं तर आधी तोच हाताला लागतो. समोरच्याला वाटायला नको की बाई त्याच्यासाठी आल्या."

घर

दोन खोल्यांचे घर. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, त्या आठवड्यात रात्रपाळीला, म्हणून आत झोपलेले. आईचे महिन्याच्या सुरुवातीला गर्भाशयाचे ऑपरेशन झालेले आणि डॉक्टरांनी तीन महिने फार वेळ बसून काम करू नका म्हणून बजावलेले. अव्वा, म्हणजे आजी, ओल्या गोणपाटातली तेंदूची पाने काढून कात्रीने मापात कापत होती. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर सूप. बाईंच्या वहीत त्या दिवशीची नोंद चार-पाच ओळींची आहे. त्यातली एक ओळ अशी: मला पाहून ती उठली नाही, उठली असती तर सुपातली तंबाखू सांडली असती.

आपण कुणीही तिथे गेलो असतो तर पहिला प्रश्न विचारला असता, शाळेत का येत नाहीस. बाईंनी तो विचारलाच नाही. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि अव्वाला विचारले, "काल किती छाट निघाली?"

या एका प्रश्नाने घर मोकळे झाले. ते का, हे सोलापूरबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवे. इथे विडीचे काम बहुतेक घरीच चालते. बाईच्या नावाचे कार्ड असते. कारखाना म्हणजे जिथे पाने आणि तंबाखू मोजून मिळते आणि दुसऱ्या दिवशी वळलेल्या विड्या मोजून घेतल्या जातात ते ठिकाण. मजुरी हजार विड्यांमागे ठरते. ज्या विड्या सैल, आखूड, नीट तोंड न मोडलेल्या असतील त्या छाट म्हणून बाजूला टाकतात आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. बारा वर्षांच्या पोरीचा हात नवा. तिच्या विड्या छाटीत जास्त जायच्या, म्हणून तिला आईपेक्षा जास्त वळाव्या लागायच्या. पहाटे सुरुवात, रात्री टीव्हीवरच्या मालिका संपेपर्यंत तेच. अव्वाला ही छाट रोज डोळ्यांपुढे दिसत होती आणि त्याबद्दल कुणी विचारले नव्हते.

तासाभरात बाईंना खरी गोष्ट कळली. घरात खायला नव्हते असे नाही. वडिलांची मजुरी येत होती, ओढाताण होती पण चूल पेटत होती. भीती होती ती कार्डाची. तीन महिने माल दिला नाही तर कार्ड बंद होईल, असे आईने कुणाकडून तरी ऐकले होते. कार्ड गेले की भविष्यनिर्वाह निधी गेला, विडी कामगारांच्या दवाखान्याची सोय गेली आणि मुलांना मिळणारी विडी कामगार पाल्यांची शिष्यवृत्तीही गेली. या मुलीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्याच शिष्यवृत्तीतून निघे. म्हणजे तिची शाळा ज्या कार्डावर चालली होती, ते कार्ड टिकवायला तिची शाळा बंद झाली होती. आई म्हणाली, "एकदा गेलं की नवं कार्ड मिळतंय व्हय बाई?"

माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथे आहे. आपण शिक्षक मंडळी अशा घरी गेलो की शिक्षणाचे महत्त्व सांगत बसतो. त्या घराला ते माहीत होते. मुलगी हुशार आहे, शिकावी, हे आई-वडील दोघांनाही वाटत होते. भीती नेमकी कशाची आहे हे शोधायचे सोडून आपण ज्याला विरोधच नाही ती बाजू पटवत राहतो.

लाल बावट्याच्या ऑफिसात

बाईंपुढे कोणते रस्ते होते? शाळेकडे गैरहजर विद्यार्थ्यांच्या पालकांना पाठवायच्या पत्राचा छापील नमुना होता. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला होता आणि मुलांना शाळेत पाठवण्याची जबाबदारी त्यात पालकांवरही टाकली आहे. असे पत्र पाठवले असते तर शाळेच्या फाइलीत एक कागद जमा झाला असता आणि त्या घराला आणखी एक भीती. बालकामगार म्हणून तक्रार करता आली असती का? १९८६ च्या कायद्यात विडी वळणे हे बंदी असलेल्या कामांच्या यादीत होते, पण घरच्यांच्या मदतीने घरात चालणाऱ्या कामाला तेव्हा ती बंदी लागू नव्हती. सूप आईच्या मांडीवरून लेकीच्या मांडीवर आले की कायद्याच्या नजरेला काहीच दिसत नसे.

बाईंनी तिसराच रस्ता धरला. शनिवारी शाळा सकाळची. दुपारी त्या विडी कामगारांच्या युनियनच्या ऑफिसात गेल्या. पांढरी साडी, हातात छत्री, चर्चच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरी आणि भिंतीवर लाल झेंडे. तिथल्या कार्यकर्त्या बाईंनी त्यांना चहा पाजला आणि १९६६ चा विडी-सिगार कामगारांचा कायदा समोर ठेवला. बाईंनी वहीत उतरवून घेतलेल्या दोन गोष्टी अजून वाचता येतात. एक, सहा महिने किंवा त्याहून जास्त काम केलेल्या कामगाराला योग्य कारणाशिवाय कमी करता येत नसे आणि करायचेच तर महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार द्यावा लागे. दोन, कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळे. घरी विडी वळणारी बाईही या कायद्यात कामगारच होती.

आई दहा-बारा वर्षांची कार्डधारक. म्हणजे ऑपरेशनसाठी रजा घेतली म्हणून कार्ड एका फटक्यात जाणार नव्हते. उलट थोडी पगारी रजाच तिच्या खात्यात पडून होती आणि हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

कारखान्यात बोलायला बाई स्वतः गेल्या नाहीत. युनियनच्या कार्यकर्त्या बाई आणि मुलीचे वडील गेले, दवाखान्याचे कागद घेऊन. बाईंचे म्हणणे असे की शाळेची मास्तरीण कारखान्यात गेली की गोष्ट भांडणाची होते आणि मुलगी वळत होती हे उघड करावे लागते. युनियनने नेले की ती एका आजारी कामगाराची रजा होते. दोन-तीन फेऱ्या झाल्या, कारकुनाने आधी नाही म्हटले, मग रजेची नोंद केली.

पण पगारी रजा सारी पंधरवड्याची. पुढच्या दोन-अडीच महिन्यांचा खड्डा होताच. हा खड्डा चर्चच्या पैशाने भरणे सोपे होते. दिवाळीच्या आसपास उपकारस्तुतीचा सण असतो. मंडळीतले लोक भोपळे, केळीचे घड, ज्वारी, कोंबड्या आणून वाहतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एकेक नारळ हसतखेळत भलत्या भावाला जातो. त्या पैशातला एक वाटा बाईंच्या आग्रहाने गरजू मुलांच्या वह्यांसाठी राखलेला असे. पाळकसाहेब म्हणाले, आधीच उचल घ्या. बाई नको म्हणाल्या. त्याऐवजी त्यांनी वर्गातल्या मुलांच्या आयांची भिशी गाठली. त्या महिन्याचा नंबर दुसऱ्या एका बाईचा होता. तिने तो या घराला दिला आणि स्वतः मागे सरकली. भिशीचा पैसा आपलाच असतो, आज घेतला की पुढे हप्त्याने जातो. कुणाचे उपकार नाहीत, व्याज नाही आणि गल्लीत बोलायला जागा नाही.

"तुमचं काम शाळेचं की चर्चचं?"

गल्लीत बोलणे मात्र आधीच सुरू झाले होते. दुसऱ्या भेटीच्या वेळी अव्वाने दार अर्धेच उघडले. कोपऱ्यावरच्या टपरीजवळ उभ्या असलेल्या एका माणसाने बाईंना थेट विचारले, "बाई, तुमचं काम शाळेचं की चर्चचं?"

"आत्ता शाळेचं," बाई म्हणाल्या. "चर्चचं रविवारी करते. तेव्हा या."

हे सांगणाऱ्या दोघी-तिघी मला भेटल्या. बाई रागावल्या नव्हत्या, आवाज चढला नव्हता, हे प्रत्येकीने आवर्जून सांगितले. उत्तर खरे होते आणि त्यात लपवाछपवी नव्हती. त्यांनी आपले चर्च नाकारले नाही आणि ते त्या दारात आणलेही नाही.

त्यानंतर त्यांनी भेटीची पद्धत बदलली. एकट्या जाणे बंद. भिशीतली, घरी तेलुगू बोलणारी एक आई कायम बरोबर. आत न जाता उंबऱ्यावर बसायचे, दार सताड उघडे, बोलणे असे की शेजारच्या घरात ऐकू जावे. अव्वा त्यांना टीचरम्मा म्हणायची, ती पुन्हा म्हणायला लागली. मुलीला चर्चच्या खोलीतल्या अभ्यासवर्गाला या, असे त्यांनी कधीच सुचवले नाही, जरी तो वर्ग तिच्या घरापासून शाळेपेक्षा जवळ होता.

त्या गल्लीच्या संशयाला मी धर्मवेड म्हणणार नाही. हातावर पोट असलेल्या घराला अडीअडचणीला समाजच असतो. लग्न त्यात जमते, मयताला खांदा तोच देतो, कामाला चिकटवतो तोच. त्यातून बाहेर पडल्याचा नुसता बोभाटा झाला तरी ते घर उघड्यावर येते. बाईंना हे कळत होते, कारण ख्रिस्ती घरांनी या पट्ट्यात दोन-तीन पिढ्यांपूर्वी नेमके हेच सोसले होते. त्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी बंद झाले होते.

चर्चमध्येही प्रश्न आलाच. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना वाटे की बाई इतक्या घरांत जातात, इतक्यांच्या दुःखात बसतात, मग ज्याच्या प्रीतीने हे करतात त्याचे नाव तरी का घेत नाहीत. हा आक्षेप प्रामाणिक होता आणि बाईंनी तो हलका मानला नाही. महिला मंडळाच्या सभेत त्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायाबद्दल बोलल्या, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये या वचनाबद्दल. मग एवढेच म्हणाल्या की शाळेने मला त्या घरी पाठवले आहे, शाळेच्या दारातून शिरून दुसरे काम करणे म्हणजे विश्वासघात. रविवारच्या प्रार्थनेत त्यांनी त्या कुटुंबासाठी विनंती मांडली, पण नाव सांगितले नाही. एका घरासाठी, एवढेच.

पटपडताळणी

सप्टेंबर संपत आला. आईची तब्येत सुधारत होती, पण अव्वाचा धीर होत नव्हता. कार्डाची रजा कागदावर लागली असली तरी आपण अजून थोडा माल देत राहिलो तर बरे, असे तिला वाटे. मुलगी अर्धा दिवस वळत होती. अशात सरकारचा आदेश आला.

ज्यांना तो काळ आठवत नाही त्यांच्यासाठी: नांदेड जिल्ह्यात आधी झालेल्या तपासणीत पटावर भरपूर बोगस नावे सापडली होती. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकदम शाळांची पटपडताळणी झाली. इतर खात्यांचे कर्मचारी येऊन प्रत्यक्ष हजर मुले मोजत आणि एकच मूल दोन शाळांत दाखवले जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावत, मतदानाला लावतात तशी. पटावर तुकडी टिकते आणि तुकडीवर शिक्षकाची नोकरी. त्यामुळे त्या आठवड्यात राज्यातल्या कुठल्याही स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. आमच्याकडेही सूचना झाली की प्रत्येक वर्गशिक्षकाने सतत गैरहजर असलेली मुले त्या दिवशी काहीही करून आणावीत. आमची मुले खरी होती, कुणी बोगस नव्हते, म्हणून या सूचनेत कुणाला काही गैर दिसले नाही.

अव्वा तयारही झाली. शाळेला गरज आहे असे कळल्यावर म्हणाली, "पाठवते की टीचरम्मा. एक दिवस येईल. मग नको."

बाईंनी नको म्हटले. स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्यांनी सांगितले की ती मुलगी मी एका दिवसासाठी आणणार नाही. ती रोज यायला लागेल त्या दिवशी आणेन. तोवर माझ्या कॅटलॉगात ती गैरहजर आहे आणि तपासायला येणाऱ्यांना मी कारणासकट तसेच सांगेन. वरिष्ठ नाराज झाले. तुकडीचा विचार करा, असे त्यांना ऐकवले गेले. तपासणीच्या दिवशी सातवी 'ब' मध्ये ती नव्हती.

यावर आमच्यात त्या वेळी वाद झाला आणि अजून होतो. माझे एक सहकारी, अत्यंत तळमळीचे शिक्षक, आजही म्हणतात की बाईंचे इथे चुकले. त्यांचे म्हणणे असे: मूल कसेही करून एकदा शाळेत येऊ दे. मैत्रिणी भेटतील, बाकावर बसेल, डबा खाईल, तिची तिलाच ओढ लागेल. शिवाय ती पटावरची खरी विद्यार्थिनी होती, मोजले जाणे हा तिचाही हक्क होता. या म्हणण्यात वजन आहे. दुसऱ्या एखाद्या मुलीच्या बाबतीत तेच बरोबर ठरले असते.

तरी मी बाईंच्या बाजूने आहे. अव्वाने देऊ केलेला तो दिवस हा सौदा होता. तो घेतला असता तर शाळेची गरज भागली, आता हिशेब मिटला, असे त्या घराने धरले असते आणि त्यानंतर बाई उंबऱ्यावर कोणत्या तोंडाने बसल्या असत्या? दीड महिना त्या एकच गोष्ट पटवत होत्या की मी तुमच्याकडे माझ्या कामासाठी आलेले नाही. चर्चची माणसे वाढवायला आले नाही. शाळेची मुले मोजून द्यायला एक दिवस मुलगी नेली असती तर ते सगळे तिथेच खोटे पडले असते. त्या मुलीलाच मी अलीकडे विचारले. तिला मैत्रिणीकडून शाईचे कळले होते. म्हणाली, "मला वाटलं आता मलापण बोलावतील, बोटाला शाई लावायला. बाई आल्या तेव्हा त्यांनी ते काढलंच नाही. आईच्या टाक्यांचं विचारलं आणि माझी भूगोलाची वही देऊन गेल्या."

६ ऑक्टोबरला दसरा होता. आपट्याची पाने घेऊन मुलीचे वडील बाईंच्या घरी गेले. पूर्वी कधी गेले नव्हते.

परत

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी अव्वा तिला स्वतः घेऊन आली. आई पुन्हा थोडी थोडी बसायला लागली होती, कार्ड जिवंत होते, भिशीचा पहिला हप्ताही गेला होता. शाळा भरण्याआधी अर्धा तास आणि मधल्या सुट्टीत बाई तिला जिन्याखालच्या जागेत घेऊन बसत. अपूर्णांक आणि इंग्रजी हे दोनच विषय, बाकीचे मैत्रिणींच्या वह्यांवरून. मी सुचवले होते की विड्यांच्या जुड्यांवरून भागाकार घ्या, तिला चटकन येईल. बाई म्हणाल्या, "येईल, पण वर्गात बाकीच्या तिच्या बोटांकडे बघतील." त्यांनी आंबे आणि चॉकलेटांचीच गणिते घातली.

सगळे सुटले असे नाही. संध्याकाळी पाने कापणे, दोरा बांधणे हे मुलीकडे राहिलेच. बाईंनी अव्वाशी ठरवून घेतले की तंबाखूला हात लावायचा नाही आणि परीक्षेच्या महिन्यात तेही काम नाही. हे पाळले गेले का? बरेचसे. बारा वर्षांच्या मुलीने घरात विडीचे कोणतेच काम करू नये असे मला ठाम वाटते आणि बाईंनाही तसेच वाटे. तरी त्यांनी तेवढ्यावर हात थांबवला, कारण त्यापुढे ओढले असते तर मुलगी पुन्हा घरात गेली असती.

ती सातवी पास झाली, पुढे दहावी आणि बारावी झाली. आज ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मापे आणि ऑर्डरींचा हिशेब सांभाळते. सोलापुरात आता हा धंदा मोठा आहे. लग्न झाले आहे. पुढे शिकायची इच्छा होती, जमले नाही, हे तिने मला दोनदा सांगितले आणि ते इथे लिहायला सांगितले. धाकटा भाऊ आईच्याच कार्डावरच्या शिष्यवृत्तीवर शिकला.

बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यांच्यानंतर आमच्या शाळेत दोन गोष्टी टिकल्या. मूल सलग दोन दिवस आले नाही की तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वर्गशिक्षकाने घरी फोन करायचा. महिन्याने सतत गैरहजर म्हणून यादीत नाव चढायची वाट पाहायची नाही. आणि पालकभेटीला एकट्याने जायचे नाही, घरची भाषा बोलणारी दुसरी आई बरोबर न्यायची. तिसरी टिकली नाही. भेटीत काय कळले ते लिहून ठेवायची वही बाईंनंतर कुणी नियमित ठेवत नाही. ऑनलाइन माहिती भरण्यातच शिक्षकाचा दिवस जातो आणि त्या माहितीत छाटीबद्दल लिहायला रकाना नाही. यंदा सातवीच्या तिन्ही वर्गशिक्षकांना मी बाईंच्या एका वहीची झेरॉक्स दिली आहे, नावे झाकून. त्यातल्या एका तरुण शिक्षिकेने गेल्या आठवड्यात पहिली नोंद केली. जोडभावी पेठेतले घर, मुलगा आठ दिवस गैरहजर, वडिलांचा माग बंद. भीती कशाची, यापुढची जागा तिने कोरी ठेवली आहे. ती शनिवारी पुन्हा जाणार आहे.